बिनकामाची पोरगी

आई-पप्पा इंग्लंडला गेले तेव्हा माझी अठरा वर्षं उलटली होती. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर गेला, माझा व्हिसा नाकारला. का, तर तू मोठी झालीस, तुझं तू बघ. शिरूरच्या घरात मी एकटी राहिले. पाच वर्षं अर्ज, नकार, परत अर्ज. शेवटी अपील केलं.

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "आई-वडिलांवाचून तुमचं चालत नाही, हे दाखवायचंय. तुम्हाला ओळखणाऱ्या जाणत्या माणसाचं पत्र आणा."

जाणता माणूस म्हणजे दौंडचे मामा. सोसायटीचे माजी चेअरमन, लेटरहेड अजून शिल्लक. मी मोटारसायकलवर दौंड गाठलं, मामीचा बंद पडलेला मिक्सर आधी दुरुस्त केला आणि मग म्हणाले, "मामा, लिहा, हिला आईशिवाय काही जमत नाही."

मामांनी चहा खाली ठेवला. "येडी का खुळी तू? तीन स्थळं बघतोय तुझ्यासाठी. शिक्का मारून लिहू व्हय, पोरगी बिनकामाची हाय म्हणून?"

"अहो, ते इंग्लंडला जाणारंय, सोयऱ्यांकडं नाही!"

"कागदाला पाय असत्यात. तू जा, मी बघतो."

बघितलं त्यांनी! शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि मी ठेवून गेलेल्या अपिलाच्या कागदावरचा पत्ता बघून थेट तिकडच्या कोर्टात धाडलं. मधल्या माणसांवर मामांचा भरवसा नाही, सोसायटी चालवलीय त्यांनी.

अपील फेटाळलं. निकालात मामांचं पत्र उतरवलेलं होतं: मुलगी एकटी घर चालवते, पाण्याची मोटर स्वतः दुरुस्त करते, सरकारी कामं कुणाच्या मदतीशिवाय निस्तरते, आजारी पडली तरी कुणाला सांगत नाही.

मी फोनवर मामांना वाट्टेल ते बोलले. ते म्हणाले, "यात खोटं काय हाय ते सांग."

खोटं काहीच नव्हतं, त्याचीच तर चीड आली. मला आईकडं जायचं होतं हो, बाकी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला. वाटलं, मामांना चांगल्या शिव्या घालेल. पण ती निकालावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती.

"मोटर तू दुरुस्त करतीस?"

"हो."

"आन् आजारी कवा पडली हुतीस?"

"डेंग्यू झाला होता. गेल्या वर्षी."

"मला का न्हाई सांगितलंस गं?"

"सांगून तू येणार होतीस का?" मी म्हणाले आणि भोकाडच पसरलं. पाच वर्षांत पहिल्यांदा, नाक गळेपर्यंत, पाच वर्षांच्या पोरीसारखी रडले. हे कोर्टाला दाखवायला हवं होतं, पण निकाल लागून गेला होता.