महाराज, उठावं

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तो डाव्या खांद्यावरचा पदर सारखा करायचा. अंगात आमच्यासारखाच पांढरा एप्रन. पदर कुठून येणार? पण उभा जन्म दशावतारी नाटकांत राणी होण्यात गेलेला. हात आपसूक खांद्याकडे जायचा. आम्ही फिदीफिदी हसायचो. "हसा गो बायांनो, हसा. पदर ढळलो काय कंपनीचो मालक खवळायचो," असं म्हणून तोही हसायचा.

ओरोसला आम्ही फिजिओथेरपी सहायकाचं शिक्षण घ्यायला जमलो होतो. दोन मुलांची आई मी. वर्गात सगळ्यात थोराड आपणच दिसणार या धास्तीने गेले होते. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ पहिल्या बाकावर बसलेला पाहिला आणि जीव भांड्यात पडला. त्याचं खरं नाव सांगत नाही. आम्ही त्याला राणीसाहेब म्हणायचो, आणि ते त्याला आवडायचं.

तो आला होता भावासाठी. थोरला भाऊ त्याच कंपनीत राजा व्हायचा. हा राणी, तो राजा. घरी दोघेही बिनलग्नाचे, एका ताटात जेवल्यासारखे राहायचे. मग दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून सोडताना सांगितलं, रोज व्यायाम करून घ्या. आता मालवणजवळच्या त्या आडवाडीत रोज कोण जाणार? याने राणीचा शालू कंपनीतल्या एका नव्या नटाच्या हवाली केला, त्याला राणीचा आवाज शिकवला आणि इथे प्रवेश घेतला. "दादाक परत उबो करूचो आसा. देवळासमोर एकदा उबो रवलो काय झाला," हे तो भेटेल त्याला सांगायचा.

आम्ही एकमेकांवरच सराव करायचो. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने त्याला कुशीवर वळवायचं, बसवायचं. पेशंट व्हायला हा कायम पुढे. पण असा काही विव्हळायचा की आमच्या मॅडम, बांद्याच्या, भारी कडक, शेवटी म्हणाल्या, "अहो, तुमचा गुडघा दुखतोय. राज्य नाही गेलेलं."

मग पेशंटला उभं करायचा धडा आला. कमरेला पट्टा बांधायचा, दुबळ्या बाजूला आपण उभं राहायचं, पट्ट्यावर हात घट्ट. आणि रोज एकच शब्द, एकाच सुरात. आम्ही सगळ्यांनी 'उठा' हा शब्द घेतला. त्यानेही घेतला. पण दादा 'उठा'ला दाद देईना. हा रोज सकाळी पडलेल्या तोंडाने यायचा.

एक दिवस मात्र तो वर्गात शिरला तोच ओरडत. "उबो रवलो! दादा उबो रवलो!"

"कसा काय?" मॅडमनी विचारलं.

"राणीच्या आवाजात सांगलंय."

आमचा विश्वास बसेना. रविवारी आम्ही चौघीजणी आणि मॅडम त्याच्या घरी गेलो. घरापुढच्या खळ्यात बाकडं, बाकड्यावर दादा. अंगाने धिप्पाड, नजर कुठेतरी लांब. हा त्याच्या उजव्या अंगाला उभा राहिला, पट्टा धरला आणि बारीक, गोड, ताणलेल्या आवाजात म्हणाला, "महाराज, उठावं. दरबार खोळंबला आहे."

दादाची मान वर आली. छाती पुढे आली. आणि तो माणूस उठला हो, अक्षरशः सिंहासनावरून उठावा तसा. दगडी गडग्यापलीकडून बघणाऱ्या शेजारणी डोळे पुसत होत्या. मीही रडले, लपवून ठेवत नाही.

"शास्त्रात बसतं का ते मागाहून बघू," मॅडम म्हणाल्या. "पट्टा तेवढा सोडू नका."

त्याने कधीच सोडला नाही.

आमच्या परीक्षेच्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी नाटकाला जाताना त्यांच्या वाडीवरून गेली. मंडळी दादाला बघायला उतरली. राजाला पाहून नवा नट गहिवरला. त्याच्यासमोर हात जोडून, मायेनेच, राणीसाहेबांनी शिकवलेल्या आवाजात तो नाटकातलं तेच वाक्य म्हणाला, "महाराज, उठावं."

दादा उठला. पट्टा खुंटीला होता. त्याच्या उजव्या अंगाला धरायला कोणीच नव्हतं.

खुबा मोडला, मग अंथरुणातच छातीत कफ झाला. महिनाही काढला नाही. तो पडला तेव्हा इकडे ओरोसला त्याचा भाऊ परीक्षकांसमोर एका पेशंटला उभं करून दाखवत होता, आणि परीक्षक त्याची तारीफ करत होते. मला आजही हे आठवलं की राग येतो. कोणावर काढायचा ते मात्र कळत नाही.

तेराव्यानंतर तो ओरोसला आला. मॅडमनी त्याच्यासाठी तिथल्याच दवाखान्यात जागा बघून ठेवली होती. आम्ही त्या नटाला बोल लावत होतो. त्याने हात वर केला.

"त्या पोराक कोणी काय बोलू नकात. दादा बरोबर उठलो. बाजूक माझो हात नाय होतो, इतक्याच."

"तुम्ही कामाला या," मॅडम म्हणाल्या. "हात चांगला आहे तुमचा."

"हात आसा, मॅडम. पण पेशंटाक उठ म्हणूक माझ्यान होवचा नाय."

"साधं 'उठा' म्हणा. राणी कशाला हवी?"

"साधा म्हणूक गेलंय तरी तोच आवाज येता."

तो जायला निघाला. त्याला अडवावं असं फार वाटलं. पुढे कळलं, नाटकातही तो परत गेला नाही.

मी आता याच कामात आहे. परवा मालवणच्या एसटी स्टँडवर तो दिसला, हातात बाजाराची पिशवी. जवळच्या कट्ट्यावर एक म्हातारेबाबा बसले होते. गाडी लागली, तसे ते काठी टेकून उठायला धडपडू लागले. याने पिशवी खाली ठेवली, त्यांच्या मागे गेला आणि कमरेला अलगद हात लावला. तोंडातून अक्षर काढलं नाही. बाबा उभे राहिले, काठी सावरली आणि मागे वळून न पाहता गाडीकडे चालू लागले. ते पायरी चढून आत जाईपर्यंत त्याचा हात तसाच हवेत पुढे धरलेला होता.