माझी गोष्ट, मास्तरचे शब्द

माझ्या मेहुण्याने मला फसवले. तो शाळेत मराठी शिकवतो, मी बैलांची दलाली करतो. माझी गोष्ट त्याने आमच्या गावाच्या स्मरणिकेत स्वतःच्या नावाने छापली.

गोष्ट हिंगणघाटच्या बैलबाजारातली. मी दलालीत नवा होतो. गिऱ्हाईक मला तावातावाने म्हणाला, "लंगडं जनावर विकून राह्यला, चोर कुठचा! सांग त्याले."

मी बैलाच्या मालकाकडे गेलो. "पाव्हणे म्हणतात, मागच्या पायाची शंका हाय. जरा चालवून दाखवा."

त्याने बैल चालवला आणि सौदा झाला. तेव्हापासून मी याच कामावर पोट भरतो. एकाचे बोलणे दुसऱ्याला पचेल अशा शब्दांत सांगायचे. शिवी गाळायची, शंका गाळायची नाही. आणि 'पाव्हणे म्हणतात' हे आधी सांगायचे, नाहीतर तो माझाच आरोप ठरतो.

हे सारे मी मेहुण्याला जेवताना सांगितले होते. स्मरणिकेत पाहतो तर बाजारात मास्तर उभा आणि भांडणही मास्तरच मिटवतो! दलाल आहे, पण लबाड, दोघांत आग लावणारा.

मी फोन लावला.

"तुमचं एक तरी वाक्य दाखवा, भाऊजी. सारे शब्द माह्ये हायेत."

"शब्द तुह्ये, पण बैल कोनाचा? अन् मले लबाड काऊन केलं?"

"गोष्टीत रंगत याले पाह्यजे म्हणून थोडं फिरवलं."

बायको भावाच्याच बाजूची. "तुमच्या तोंडचं जसंच्या तसं छापलं असतं, तर बायांनी ते पुस्तक चुलीत घातलं असतं."

ते खरे आहे. माझे बोलणे लांबते, भरकटते, त्यात शिव्याही येतात. लिहिणाऱ्याने ते आटोपशीर करावे, वाचणाऱ्याला कळेल असे करावे. त्यात चोरी नाही, मीही रोज तेच करतो. पण दुसऱ्याचा बैल स्वतःचा म्हणून मी कधी विकला नाही.

गावात दलाल मी एकटाच. गेल्या बाजारात ओळखीच्या शेतकऱ्याने मला टाळून परगावचा दलाल धरला. वर हसून म्हणाला, "वाचलं बा तुमच्याबद्दल."

भाऊबीजेला येशील ना, मास्तर? ओवाळून घेण्याआधी माझ्यासोबत पारावर चल. चार लोकांसमोर सांग, तो बैल कोणी चालवायला लावला? आणि मला लबाड कोणी केले?