धुळाजीच्या कमरेच्या किल्ल्या

दिवाळी झाली की शिरूर कासारजवळचं ते गाव कोयते घेऊन सहकारी कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं. मागं उरायची म्हातारी माणसं आणि मेंढरं राखणारा धुळाजी. जाताना जो तो घराची किल्ली त्याच्या हवाली करायचा, आणि सगळा जुडगा त्याच्या कमरेला खुळखुळायचा.

त्या दुष्काळी साली फाल्गुनात तो दूध सोसायटीत घरच्या गाईचं दूध घालायला गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात समुद्राकाठचं एक परदेशी गाव होतं, निळंशार.

"शेक्रेटरी, तिथलं हवापाणी कसं हाय?"

सेक्रेटरी गहिनीनाथांनी चित्राखालचं वाचून सांगितलं, "पाऊस हिवाळ्यात पडतो. तवा घरांना कुलपं असतात, गावात चिटपाखरू नसतं. उन्हाळ्यात एक थेंब न्हाई, पण तवाच माणसं येतात अन् गाव भरून जातं."

धुळाजी मिशीत हसला. चैत्र सरता सरता त्याचंही गाव असंच भरायचं. टँकरपुढं भांडणं, दारोदार लग्नं, आणि राखणदाराला घरटी एक जेवण.

"म्हंजी आपल्यावानीच की. मंग तिथल्या किल्ल्या कुणापाशी असत्यात?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"असंल एखादा धुळाजी," तो जुडगा सावरत म्हणाला. "आपली कुलपं कोरडी ऱ्हात्यात, त्याची पावसात गंजायची. त्याला म्हणावं, तेल देत जा."