गाडीत पाणी कोण टाकत होतं?

आधीच सांगते, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी त्याला सरळ फळ्यापाशी बोलावून उष्णतेचं गणित सोडवायला लावते. त्यामुळे हे मी लिहितेय यावर माझ्या ओळखीतल्या कुणाचा विश्वास बसणार नाही... माझाच धड बसत नाही. पण घडलं ते घडलं. शंका ज्यांना काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात, मी स्वतः सगळ्या काढून बसलेय.

आम्ही भिलाईचे. मूळचे तुमसरकडचे शेतीवाले, पण बाबा तरुणपणी इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले आणि आम्ही इथलेच झालो. बाबांची सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसच्या कूलिंगवर गेली. भट्टीच्या अंगाभोवती पाइपांतून सतत पाणी फिरवावं लागतं, नाहीतर भट्टीच जळून जाईल. ते पाणी नीट फिरतंय ना, हे बघणं बाबांचं काम. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, वैशाली नगरात घर बांधलं आणि एक सेकंडहँड पांढरी गाडी घेतली. त्या गाडीवर त्यांचा भारी जीव! सकाळी दात घासायच्या आधी बॉनेट उघडून पाणी बघायचे, आणि कमी असलं की लोट्याने टाकायचे — बोअरचं साधं पाणी. कूलंट टाका म्हटलं की म्हणायचे, "येवढी मोठी भट्टी पान्यावर चालते, अन् ही का नवाबाची लागून गेली?" आता भट्टीचं पाणी आधी त्यातले क्षार काढून, गंज न चढायचं औषध मारून सोडतात, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी समजावून सांगितलं होतं. पण घरच्या गाडीपाशी आले की ते सगळं विसरायचे.

बाबा मागच्या वर्षी गेले. दुपारी जेवून आडवे झाले, चहाच्या वेळी आई उठवायला गेली तर संपलं होतं सगळं. बोलणं नाही, निरोप नाही. मागे उरलो आई, मी आणि गाडी. धाकटा भाऊ विलास पुण्याला असतो.

आईचे गुडघे पार गेलेत. ऑटोत तिला चढता येत नाही, दुसऱ्यांच्या गाडीत बसता येत नाही. बाबांनी या गाडीच्या पुढच्या दाराजवळ खास तिच्यासाठी एक जाडजूड लोखंडी दांडी बसवून घेतली होती. ती धरून ती बरोबर आत सरकते, एवढंच एक वाहन तिला जमतं. मंगळवारी मंदिर आणि अधूनमधून रुआबांध्यात राहणारी मैत्रीण, तिचं बाहेरचं जग तेवढंच. म्हणजे गाडी गेली की आई घरात बसली, कायमची.

आणि या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. जवळच्या सुपेल्यापर्यंत जाईस्तोवर काटा लाल. आई शेजारच्या सीटवरून पदराने डॅशबोर्डला वारा घालायची! मी ओरडले, "आई, त्याने काय होणार आहे?" तर म्हणे, "तुह्या बडबडीनं तं काईच नाई होऊन राहिलं, मले तरी करू दे."

कॅम्प-1 भागातला संतोष मेकॅनिक घरी येऊन काम करतो. त्याला बोलावलं, आणि त्या दिवशी शाळेला सुटी होती म्हणून मी त्याच्याबरोबर स्वतःही हात काळे केले. पंखा बघितला, फिरत होता. रेडिएटर होज लावून धुतला. थर्मोस्टॅट — म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याला वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह — काढून आईच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला, तर तो शहाण्यासारखा उघडला. आईने मात्र ते पातेलं त्या दिवसापासून गाडीलाच देऊन टाकलं.

शेवटी संतोष म्हणाला, "दीदी, अब दो ही बात है. या तो पानी कहीं से जा रहा है, या फिर इंजिन का हेड गया. हरा कूलंट भर देता हूँ. रोज थोड़ा चलाओ और सुबह ठंडे में लेवल देखो. गिरा तो लीक है, घर में ही बना दूँगा. नहीं गिरा तो... इंजिन खोलने से अच्छा गाड़ी बेच दो."

मी रोज सकाळी शाळेच्या आधी बघायचे. लेव्हल अगदी टाकीवरच्या रेघेवर, जराही हललेली नाही! कधी नव्हे ते मी देवाला म्हणत होते की होऊ दे रे बाबा लीक. विलासला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, इमोशनल होऊ नको. देऊन टाक. आईला कॅब करून देत जाऊ." कॅबमध्ये ती दांडी कोण बसवून देणार होतं? पण मलाही दुसरा मार्ग दिसेना. जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला रविवारी या म्हणून सांगितलं. आई जाऊन गाडीची काच पुसत बसली. मला ते बघवेना.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. कूलंट गडद हिरवं होतं, ते फिकं झालं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी फिकं. रंग असा आपोआप उडत नाही. याचा अर्थ एकच, पाणी कुठूनतरी जात होतं आणि कुणीतरी रोज साधं पाणी टाकून रेघेपर्यंत भरत होतं.

मी तडक आईला पकडलं. "आई, खरं सांग, तू पाणी टाकून राहिली का गाडीत?"

"मी? मह्यानं पोळ्यायचा डबा उघडत नाई, बॉनेट उघडन का?"

ते खरंच होतं. बॉनेटचा खटका गाडीच्या आत आहे आणि गाडीला कुलूप. तरी मी किल्ली पर्समध्ये घालून जवळ ठेवायला लागले. फाटकालाही कुलूप लावलं. सकाळी बघते तर... लेव्हल रेघेवर, आणि रंग लिंबूपाण्यासारखा! खरं सांगते, मला भीती नाही वाटली, मला राग आला. आईची गाडी हातची चाललीय आणि इथे कुणीतरी खेळ करतंय.

संतोषला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "कोई डाल रहा है तो जा भी रहा है, दीदी. पर सादा पानी सूख जाता है, निशान नहीं छोड़ता. कूलंट हरा दाग छोड़ता है. जो भी डाल रहा है, उसको बोलो दो दिन रुके."

बोलो! कुणाला?

शनिवारी शाळेतून आले तर आई अंगणात खुर्ची टाकून गाडीसमोर बसली होती. म्हणाली, "सुषे, एक सांगू? हसशीन नाई ना?"

"सांग."

"त्याइले रिलीव कोनी केलं?"

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि इथे तुम्हालाही सांगायला हवं. फर्नेसच्या कूलिंगवर एक पद्धत होती. शिफ्ट संपली म्हणून कुणी जागा सोडायची नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस यायचा, परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपाला स्वतःचा उलटा हात लावून बघायचा, आपलं नाव घेऊन तोंडाने म्हणायचा, "चार्ज घेतला." मगच पहिला माणूस निघणार. पाणी थांबलं तर भट्टी जाते, म्हणून हे इतकं कडक. बाबांच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की आम्ही तुमसरला लग्नाला जरी निघालो तरी ते शेजाऱ्यांना नळापाशी उभं करून "चार्ज घेतला" म्हणवून घ्यायचे. शेजारी बिचारे हसत हसत म्हणायचे.

"आई, काहीही!" मी म्हटलं.

"काहीही नाई. रिलीवर नाई आला तं ते डबल शिफ्ट मारत. मी दुसरा डबा पाठवो. ते काम टाकून कधी नाई आले घरी." आईने बॉनेटकडे बोट केलं. "दुपारी निजले अन् गेले. कोनी चार्जच नाई घेतला ना वं त्याइचा. तवापासून डबल मारून राहिले ते..."

मी हसले नाही. हसूच आलं नाही. माझं फिजिक्स काय म्हणत होतं ते मला ऐकू येत होतं, पण समोर आई होती आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीवाला येणार होता. न ऐकून करणार काय होते? सगळं फिकं पाणी काढलं, ताजं हिरवं कूलंट रेघेपर्यंत भरलं आणि इंजिन थोडं चालवून बंद केलं. भर दुपारचं ऊन होतं. समोरच्या घरातली सून वाळवण उचलता उचलता बघत होती. मला इतकी लाज वाटत होती की काय सांगू.

रेडिएटरच्या पाइपाला उलटा हात लावला. गरम होता. म्हटलं, "बाबा, पाणी पाहिलं. चार्ज घेतला."

"नाव घे ना आपलं," आई मागून म्हणाली. "बिननावाचं चालत नाई त्याइले."

"सुषमा," मी म्हटलं. बाबा गेल्यावर दिवसकार्य, पाहुणे, बँका, कागद या सगळ्यात मी नीट रडलेच नव्हते. ती मी तिथे बॉनेटमध्ये डोकं घालून रडले. मग म्हटलं, "चार्ज घेतला."

आई खुर्चीतून गाडीकडे बघत म्हणाली, "जा आता तुमी. लय थकले असान."

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. लेव्हल रेघेच्या चांगली बोटभर खाली! आणि वॉटर पंपाच्या खाली ताजा, ओला, हिरवागार ओघळ. मी अंगणातून इतक्या जोरात ओरडले की आईला वाटलं मला काही चावलं. संतोष आला, पंप उघडला. आतल्या फिरकीची पाती गंजून निम्मी खाल्ली गेली होती, म्हणून पाणी फिरत नव्हतं आणि सीलमधून गळतही होतं. एवढ्या वर्षांचं बोअरचं पाणी... बाबांचेच उद्योग! पॉवर हाउस भागातल्या मार्केटातून नवा पंप आणला आणि अंगणातच बसवला. तो गाडी घेणारा मधेच येऊन चहा पिऊन परत गेला. आईने त्याला वर दोन लाडूही दिले.

नंतर मी फार डोकं चालवलं. आई झोपेत उठत असेल? तिला जागेपणी डबा उघडत नाही, झोपेत बॉनेट कुठून उघडणार? शेजारी? कुलूप, किल्ली, खटका — सगळं माझ्या ताब्यात होतं. संतोषने आधी दिलेलं कूलंटच भेसळीचं होतं, म्हणावं तर लेव्हल कशी भरत होती? आणि त्याच एका दिवशी कशी थांबली? स्टाफरूममध्ये एका सरांनी दाब, प्रसरण वगैरे सांगून बघितलं, मीच त्यांच्या चुका काढल्या. उत्तर शोधणं मी आता जवळजवळ सोडलंय.

गाडी मस्त चालतेय. मागच्या मंगळवारी मंदिरातून परत येत होतो. ऊन रणरणत होतं आणि काटा निम्म्याच्याही खाली. मला वाटलं आई खूश असेल, पण ती काट्याकडे बघत होती. म्हणाली, "सकाळी पाह्यलं का पानी?"

"पाहिलं ना. जेवढ्याला तेवढं आहे. आता थेंब नाही हलत."

ती खिडकीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "थोडंसं गळू द्यायचं होतं ना वं बाई."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. इंजिन अजिबात तापलेलं नव्हतं.