म्हसोबाच्या बेटावरच्या टिटव्या

गोजरबाई होडी वल्हवायला लागली की भंडारदऱ्याच्या पाण्यावर गडीसुद्धा वाट सोडायचे. हात असे दणकट, आणि तोंड त्याहून! रोज सकाळी ती म्हशीसाठी गवत कापायला बेटावर जायची. बेट म्हणजे धरणात बुडता बुडता राहिलेली टेकडी. वर म्हसोबाचं ठाणं, खाली गोट्यांत टिटव्यांची अंडी. टिटव्या तिच्या डोक्यावर घिरट्या घालून नुसता कलकलाट करायच्या. "वरडा, भवान्यांनो! बेट काय तुमच्या बापाचं हाय?" असं म्हणायची, आणि पाय मात्र अंडी चुकवून टाकायची. लई जीव होता तिचा त्यांच्यावर.

तिचा एकुलता एक कानिफनाथ तापानं फणफणला तेव्हा ती म्हसोबाला नवस बोलली. पोर उठल्यावर तिनं बेटावर जिवंत कोंबडी सोडली. देवाला सोडलेलं पाखरू कुणी धरायचं नाही, मारायचं नाही. तिचं बघून साऱ्या गावानं कोंबडे-कोंबड्या सोडल्या. तिथं ना मुंगूस ना मांजर. बघता बघता बेटभर कोंबड्याच कोंबड्या झाल्या.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात गोजरबाई उतरली तर बेट गप्प. गोट्यांत तिचीच तांबडी कोंबडी टिटवीचं अंडं फोडून खात होती. वर एकटी टिटवी ओरडत फिरत होती. गोजरबाईनं हातातला विळा टाकून तांबडीला हुसकलं. "ह्ये मीच आनलं गं बाई!"

कोंबड्या परत आणू म्हटल्यावर गावानं कानांवर हात ठेवले. शेजारची रंगुबाई म्हणाली, "येडी का खुळी तू? देवाचं उचलशील, अन् पोराला काय झालं म्हंजी?"

तो घाव बरोबर जागी बसला. तरी दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं तांबडी धरली आणि म्हसोबापुढं उभी राहिली. "देवा, पोर तुजंच दिल्यालं हाय. पन ही पाखरं माज्या नवसाच्या आदीपासनं तुज्या पायाशी हुती. रागवायचं तर माज्यावर रागाव. पोराला हात लावलास तर गाठ माज्याशी हाय!"

कोंबडी काखेत मारून ती भर गावातून घरी आली. काय छाती म्हणायची बाईची! तेव्हापासून सारं गाव कानिफनाथाकडं बघत राहिलं. पोर शिंकलं तरी बाया कुजबुजायच्या. गोजरबाई वरवर हसायची, आणि घरात गेली की त्याच्या कपाळाला हात लावून बघायची.

पावसाळा सरला. पोरगं ठणठणीत. एका सकाळी होडीपाशी रंगुबाई रिकामी पाटी घेऊन उभी. "माजे बी दोन कोंबडे हाइत तिकडं," ती खाली बघत म्हणाली. मग एकेक करून सगळेच आले.

पुढच्या उन्हाळ्यात गोजरबाई बेटावर उतरली आणि टिटव्या अशा अंगावर आल्या, की तिला पदर डोक्यावर घ्यावा लागला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचेना.

"वरडा, भवान्यांनो," ती म्हणाली, "तुमच्याच बापाचं हाय."