एकीचं बळ

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी प्राथमिक शाळेत लीलावती पांढरीपांडे यांच्या वर्गात पहिल्या दिवशी ग गणपतीचा कधी शिकवला गेला नाही. पहिल्या दिवशी बाई सगळ्या पोरांची आगगाडी करत आणि त्यांना मुतारी दाखवून आणत. परत आल्यावर करंगळी वर करून सांगत, "ही एकी. लागली की अशी करंगळी वर करायची, उठायचं आणि जायचं. विचारायचं नसतं. तुमच्या पोटातलं तुम्हाला कळणार, बाईंना कसं कळेल?"

बाकीच्या वर्गांत मधल्या सुट्टीपर्यंत पाय आवळून बसायची रीत होती. त्यामुळे लीलाबाईंच्या वर्गातली ही ये-जा बघून हेडमास्तर गोविंदराव दाभाडकरांचं डोकं उठे. "लीलाबाई, हा वर्ग आहे की बसस्टँड?"

"सर, पोटातलं पाणी आणि डोळ्यातलं पाणी अडवून ठेवलं की पोर अभ्यासाच्या कामाचं राहत नाही," बाई शांतपणे म्हणत. गोविंदराव घसा खाकरून पुढच्या वर्गाकडे वळत. कारण साऱ्या शाळेत पाढे पाठ असत ते याच बसस्टँडवरच्या पोरांचे.

अशा बाईंच्या वाट्याला नेमकं हेच दुखणं यावं, याला देवाचा पाजीपणा म्हणायचं नाही तर काय?

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि बाई आणि त्यांचे यजमान नीळकंठराव टाउनशिपशेजारच्या अवधपुरीत स्वतःच्या घरी राहायला आले. नीळकंठराव कारखान्याच्या टूलरूममधले, मूळचे नागपूरचे. बाईंचा उजवा हात पोळी लाटताना थरथरू लागला, पावलं आखूड झाली आणि ज्या आवाजाने पटांगण गप्प होई तो आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचेनासा झाला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हटलं. बाईंनी तेही ऐकून घेतलं. हात काय, थरथरतो तर थरथरू दे. पण या आजारात लघवीचाही ताबा सुटू लागतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लागली की एकदम लागायची, क्षणाची उसंत नाही. आणि नेमके त्याच वेळी पाय न्हाणीघराच्या दाराशी जमिनीला चिकटून बसायचे. एकाला भारी घाई, दुसऱ्याला हलायचं नाव नको, आणि दोघांच्या भांडणात अब्रू जायची ती बाईंची.

एकदा मिसरोदला हळदीकुंकवाला गेल्या असताना त्या सोफ्यावरून वेळेत उठूच शकल्या नाहीत. घरची बाई भली होती. "काही नाही हो, सरबत सांडलं," म्हणत तिने लगबगीने खोळ काढून नेली. बाईंना तो भलेपणाच जिव्हारी लागला. तिथे सरबत कुणीच घेतलेलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही आणि एक हिशेब मांडला, अगदी शिक्षिकेला शोभेल असा: पाणी प्यायलंच नाही तर येणार कुठून? दिवसभरात घोट-दोन घोट. परिणाम असा की पोट कडक झालं, ताप चढला आणि लघवीला जळजळ सुटून खेपा उलट दुप्पट झाल्या. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, औषध सुरू केलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, गणित चुकलं. पाणी कमी केलं की लघवी तिखट होते आणि पिशवी जास्तच चिडते. दिवसा पोटभर प्या, संध्याकाळनंतर हात आखडता घ्या, चहा कमी करा, पोट साफ ठेवा. आणि लागायची वाट बघू नका. लागायच्या आधीच जाऊन या, ठरवून, दर दोन-अडीच तासांनी. पिशवी शांत करायच्या काही गोळ्यांनी या वयात डोकं गोंधळतं, तेव्हा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून गोळी घ्यायची नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांची गणितं तपासलेल्या बाईंना आपलं गणित चुकल्याचं फार लागलं. पण चूक कळली की खोडून पुन्हा मांडायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

नीळकंठरावांना तर काम मिळालं म्हणून आनंदच झाला. त्यांनी न्हाणीघराचा उंबरा छिन्नीने उडवला, कमोडशेजारी धरायला पाइप ठोकला आणि दारापुढे जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या मारल्या, म्हणजे थिजलेल्या पायाला ओलांडायला काहीतरी दिसावं. परकराच्या नाडीची गाठ थरथरत्या बोटांना सुटेना म्हणून शिंप्याकडून कमरेला इलॅस्टिक लावून आणलं. शिंप्याने भुवई उडवली तेव्हा म्हणाले, "काहून बाप्पा, तुझ्या पायजम्याला नसते का?"

वेळेचा प्रश्न कारखान्याच्या भोंग्याने सोडवला. त्या भोंग्यावर नीळकंठराव उभा जन्म कामावर गेले आणि घरी आले होते, आणि अवधपुरीत तो अजूनही ऐकू येई. भोंगा झाला की बाईंनी उठायचं, शंका असो वा नसो. दोन भोंग्यांच्या मधल्या वेळी नीळकंठराव स्वतःच तोंडाने भोंगा वाजवत. बाई आधी चिडल्या, मग हसू लागल्या.

तरी पाय अडायचे ते अडायचेच. एक दिवस दाराशी खिळलेल्या असताना वैतागून बाई आपल्याशीच पुटपुटल्या, "बे एके बे, बे दुणे चार..." आणि पाऊल उचललं गेलं! प्रत्येक ओळीला एक पाऊल. नीळकंठराव पाहतच राहिले. ज्या पाढ्यांनी बाईंनी शेकडो पोरांना पुढे ढकललं, तेच आता त्यांना ढकलत होते.

घरात अशी घडी बसली. पण घराबाहेर? ते नाव काढायचं नाही.

आणि नेमकी अनुराधा आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता शाहपुऱ्यात राहणारी, केस पांढरे झालेली. शाळेचा सुवर्णमहोत्सव होता आणि बाईंचा सत्कार ठरला होता. "बाई, तुम्हारे बिना फंक्शन होणारच नाही. सगळे येतायत. दाभाडकर सर अध्यक्ष आहेत. नाही म्हणायचं नाही, बस्स!"

"पाय दुखतात गं," बाई म्हणाल्या. खरं कारण जिभेवर येईना. भर स्टेजवर, आपल्याच पोरांसमोर, मिसरोदसारखं झालं तर? जन्मभर कमावलेली बाई एका क्षणात वाहून जाईल.

तेवढ्यात भोंगा झाला. बाई खुर्चीत चुळबुळल्या. पाहुणी समोर, उठायचं कसं? नीळकंठराव दारातून खाकरले. बाईंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि पाय आवळून बसून राहिल्या. अनुराधाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या आवळलेल्या पायांकडे. मग तिने हळूच आपली करंगळी वर केली.

"बाई, एकी?"

बाई लाजेने लालबुंद.

"तो जाइए ना! विचारायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय."

बाई इतक्या हसल्या की पिवळ्या पट्ट्यांपर्यंत नीळकंठरावांना त्यांना धरून न्यावं लागलं. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "येते मी. पण खुर्ची कडेला ठेव."

समारंभाच्या दिवशी बाईंनी इलॅस्टिकचा परकर नेसला, आत पॅड घेतलं आणि निघण्याआधी जाऊन आल्या. नीळकंठराव सकाळीच हॉलवर जाऊन स्टेजमागच्या दारापाशी पट्ट्या मारून आले होते. सगळं चोख. फक्त उत्साही पोरांनी सत्कारमूर्तींची खुर्ची हौसेने स्टेजच्या मधोमध नेऊन ठेवली, माइकच्या अगदी शेजारी.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग गोविंदराव बोलायला उभे राहिले. नव्वदीला टेकलेले, पण माइक हातात आला की तरुण होणारे. विषय होता भोपाळमधल्या मराठी माणसाची एकजूट. ते बोलले, आणखी बोलले, आणि थांबण्याचं चिन्ह दिसेना. बाईंच्या पोटात कळ आली. भोंगा त्या हॉलमध्ये ऐकू येत नव्हता, पण पिशवीला वेळ कळत होती. समोर सारा हॉल. उठावं तर सगळे बघणार, बसावं तर त्याहून वाईट.

"आपलं बळ कशात आहे?" गोविंदरावांनी मूठ उगारली. "एकीत! मी पुन्हा सांगतो, एकीत!"

आणि शालीतून एक थरथरती करंगळी वर आली.

बाईंचा आवाज मुंगीएवढाच होता, पण माइकने तो पकडला. "सर, मला एकी."

मागून कोणीतरी टकलू ओरडला, "जा बाई! विचारायचं नसतं!" आणि सगळा हॉल तेच ओरडला. हसू होतं, पण त्या हसण्यात बाईंना वर्गाचा आवाज ऐकू आला. त्या उठल्या. नीळकंठरावांनी हात दिला. दोन पावलांवर पाय थिजले. पट्ट्या अजून लांब होत्या. बाईंनी ओठ हलवले. "बे एके बे," नीळकंठरावांनी मोठ्याने उचललं, आणि कोणी काही न सांगता हॉलने पुढचं धरलं, "बे दुणे चार! बे त्रिक सहा!" बाई एकेका ओळीला एकेक पाऊल टाकत, मान ताठ ठेवून निघाल्या. शाल खांद्यावर तशीच होती. पन्नाशी ओलांडलेली पोरं रडत रडत पाढा म्हणत होती आणि नीळकंठरावांची छाती अभिमानाने इतकी फुगली होती की दारातून जायला अडावी.

बाई कोरड्या परत आल्या. माइक हातात मागून घेतला. भाषण तयार केलं होतं, पण ते त्यांनी केलंच नाही. चष्म्यावरून त्यांनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली.

"हं. आणखी कोणाला जायचंय? या वयात लाजायचं नाही."

कोणी हलेना. मग बाईंच्या शेजारी, भाषणाचा कागद अजून हातात धरलेला, एक पाय दुसऱ्यावर घट्ट दाबून उभा असलेला माणूस हळूच हलला. गोविंदराव दाभाडकरांनी करंगळी वर केली.

"जा सर," लीलाबाई म्हणाल्या. "विचारायचं नसतं."