राऊंड फिगरवाले काका

अख्ख्या दम्माममध्ये आमच्या खोलीतल्या वेल्डरकाकांइतका संशयी माणूस नसेल, आणि असलाच तर तो काकांच्या भीतीने लपून बसला असेल. काका मूळचे चिपळूणकडचे. इथे यायच्या आधी चार वर्षं इंग्लंडच्या एका गोदीत होते. तिथे बेटिंगला कायद्याची हरकत नाही आणि नवं गिऱ्हाईक ओढायला कंपन्या फुकट बेट देतात. काका एका कंपनीत एका टीमवर लावायचे आणि दुसरीकडे त्याच टीमच्या विरुद्ध. कोणीही जिंको, फुकटातला फायदा काकांचा. पण असं हुशार गिऱ्हाईक ओळखू आलं की कंपनी त्याचं खातं आवळते, मग चहाच्या किमतीएवढंही लावू देत नाही. म्हणून काकांनी बावळट दिसायची कला कमावली. "हिशेब करून सव्वीस पॉइंट चाळीस लावलंस की मेलास," ते मला समजावत, "बावळट माणूस राऊंड फिगर लावतो. आणि मधूनमधून आवडत्या टीमवर हरतो."

सौदीत जुगाराचं नाव काढलं तरी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जायचा, त्यामुळे तो नाद त्यांनी विमानतळावरच सोडला. पण कोणीतरी आपलं खातं आवळणार ही धास्ती सामानाबरोबर आली. सुपरमार्केटात नुसत्या ऑफरच्या वस्तू घेतल्या तर कॅशियर नजरेत ठेवेल, म्हणून ते दर वेळी पूर्ण किमतीची ऑलिव्हची बरणी घेत. ऑलिव्ह आमच्यात कोणी खात नाही. कपाटात अकरा बरण्या साठल्या होत्या. मेसचा आचारी त्यांना शुक्रवारी सुरमईचा मधला तुकडा वाढायचा, तर दर तिसऱ्या शुक्रवारी काका आपणहून शेपटीचा मागून घ्यायचे. "त्याला वाटलं पाहिजे, या माणसाला मासळीतलं कळत नाही." कोकणातल्या माणसाने हे म्हणावं म्हणजे कमाल आहे.

याच कलेने त्यांचा घात केला. मुलीचं लग्न ठरणार हे धरून काकांनी दोन वर्षं हक्काची सुट्टी नाकारली. ऑफिसला वाटावं, यांना घाई नाही, आणि मग ऐन वेळी मागितली की कोणी नाही म्हणणार नाही. ऑफिसला तसंच वाटलं, आणि फोरमनने त्यांचं नाव यादीच्या तळाला टाकलं. लग्नाच्या महिन्यात एकाच वेल्डरला सोडणार होते आणि ती पाळी माझी होती. त्या शुक्रवारी काकांनी पाळी नसताना शेपटीचा तुकडा घेतला, आणि तोही तसाच ठेवला. मला बघवेना.

"काका, माझी सुट्टी तुम्ही घ्या," मी म्हणालो.

काकांनी डोळे बारीक केले. "यात तुझा फायदा काय?"

"काही नाही."

"मग नको. फुकटच्या ऑफरी मला कोणी शिकवू नयेत."

आता या माणसाला काय म्हणावं? शेवटी मी थाप मारली. "खरं सांगू? बायकोशी भांडण झालंय. सतरा दिवस बोलणं बंद आहे. आत्ता घरी जायची हिंमत नाही."

"असं आधी सांगायचं ना," काका म्हणाले आणि बॅग भरायला लागले.

हळदीच्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी दाखवली, मांडव दाखवला, मग बाजूला जाऊन हळूच म्हणाले, "सतरा म्हणालास तेव्हाच कळलं मला. खरा भांडलेला माणूस पंधरा-वीस म्हणतो."

"मग सुट्टी घेतलीत कशी?"

"मुलीचं लग्न होतं रे."

काका परत आलेच नाहीत. गुडघ्यांनी साथ सोडली. खोलीत त्यांच्यावाचून करमत नाही. परवा फोनवर मी सांगून टाकलं, की सुट्टी तुम्हाला दिली म्हणून बायकोने नंतर खरंच अबोला धरला होता.

"किती दिवस?" त्यांनी लगेच विचारलं.

"मोजले नाहीत. असतील पंधरा-वीस."

"मग खरं आहे," काका म्हणाले.